पहाटे साडेचारचा व्हिडिओ

लहान मुलाचा झोपेत श्वास अडकतो त्याची ही केस, आमच्याच घरातली आहे. मुलगा आता सव्वापाच वर्षांचा, आम्ही नाशिकला सिडकोत राहतो, मी अंबडला कंपनीत आहे आणि माझी शिफ्ट फिरती असते. मुलाचं नाव लिहीत नाही, डॉक्टर-हॉस्पिटलचं पण नाही, बाकी जे जसं झालं ते सगळं लिहितोय, कारण आम्हाला वेळेवर कुणी हे असं सविस्तर सांगितलं असतं तर दोन वर्षं वाचली असती असं मला आजही वाटतं.

नक्की सुरुवात कधी झाली ते सांगता येत नाही. अडीच वर्षांचा असताना घोरायला लागला एवढं आठवतं. दिवाळीत सासुरवाडीला दिंडोरीकडे गेलो होतो, ओसरीवर सगळे ओळीने झोपलेले आणि त्यात हा एवढ्या मोठ्याने घोरायचा की सासरे म्हणाले, अरे हा तर माझ्यावर गेलाय. सगळे हसले, मी पण हसलो. बायको तेव्हा म्हणाली होती की हा घोरता घोरता मधेच एकदम गप्प होतो आणि मग दचकतो. कुणी मनावर घेतलं नाही. आईचं म्हणणं दमतो दिवसभर, गाढ झोप लागते म्हणून घोरतो, आणि मला पण ते पटलं होतं. आता कळतं की हे अगदी उलटं आहे, घोरणं म्हणजे हवा अरुंद वाटेतून ओढून घ्यावी लागतेय, आणि ज्या मुलाला रात्रभर ओढून श्वास घ्यावा लागतो त्याची झोप नीट होतच नाही.

पुढची दोन वर्षं सर्दीतच गेली म्हटलं तरी चालेल. महिन्याला एक सर्दी, कधी टॉन्सिल सुजून ताप, की चालले डॉक्टरकडे. दरवेळी छाती तपासायचे, छाती क्लिअर आहे, अ‍ॅलर्जी आहे, मोठा झाला की जाईल, आणि तेच ते मॉन्टेलुकास्टचं सिरप. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पण दुपारी बारा वाजता ओपीडीत आमचं पोरगं कसं असायचं, तर टेबलावरचा स्टेथोस्कोप ओढणार, खुर्चीखाली शिरणार, एकदम ठणठणीत. आजार रात्रीचा आणि तपासणी दिवसाची, मग दिसणार कसं. रात्री मधेच किंचाळून उठायचा, ते सांगितलं तर स्वप्न पडत असेल. त्यात मी कुठेतरी वाचलं की मॉन्टेलुकास्टने काही मुलांच्या झोपेवर, स्वभावावर परिणाम होतो (अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर नजर ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, २०२० मध्ये तसा ठळक इशाराच छापायला लावलाय), मग हा औषधाने उठतो का श्वासाने उठतो तेच आम्हाला कळेना.

दिवसा ज्या गोष्टी होत्या त्यांचा झोपेशी संबंध लावायचं डोक्यात पण आलं नाही. तोंड कायम उघडं, ओठ फाटलेले. जेवायला तासभर, पोळीचा घास गालात धरून बसायचा, फक्त वरणभात पटकन जायचा, आम्हाला वाटायचं नखरे करतो. वजन वाढत नव्हतं, पावणेपाच वर्षांचा होत आला तरी १३ किलो ६०० ग्रॅम, म्हणजे तक्त्यातल्या अगदी खालच्या रेषेजवळ. आठवड्यातले चार-पाच दिवस अंथरूण ओलं. शाळेत टीचर म्हणायच्या एका जागी बसत नाही, दुसऱ्यांना ढकलतो, हायपर आहे का ते एकदा दाखवून घ्या. मोठ्या माणसाची झोप झाली नाही तर तो पेंगतो, लहान मुलं बऱ्याचदा पेंगत नाहीत, ती जास्तच उड्या मारतात आणि चिडचिडी होतात, हे आम्हाला फार उशिरा कळलं. त्या काळात मी त्याला दोन-तीनदा मारलं पण आहे. ते लिहिताना जड जातंय पण केस लिहायची तर ते पण लिहायला हवं.

जानेवारीतली गोष्ट. माझी सेकंड शिफ्ट होती, निफाडचा पारा खाली गेलाय म्हणून रोज पेपरात येत होतं आणि सिडकोत पण थंडी चांगलीच होती. सव्वाबाराला त्रिमूर्ती चौकातून घराकडे वळलो, गाडी लावली, जिना चढताना वरूनच याचं घोरणं ऐकू येत होतं. दार उघडून आत आलो आणि आवाज बंद झाला. मला वाटलं माझ्या आवाजाने जागा झाला. आत जाऊन बघतो तर झोपलेलाच, मान मागे टाकलेली, हनुवटी छताकडे, तोंड उघडं, आणि पोट उडत होतं पण नाकातोंडातून आवाज नाही. म्हणजे छाती-पोट जोर लावतंय आणि हवा आत जात नाहीये. मी मनात आकडे मोजायला लागलो, का ते माहीत नाही. अकरापर्यंत आलो आणि मग एकदम घशातून खर्रकन आवाज करून, पाण्यातून वर आल्यासारखा श्वास घेतला, अंग झटकलं, कूस बदलली आणि परत घोरायला लागला. एवढ्या थंडीत मानेखालची उशी घामाने ओली होती. बायको शेजारीच जागी होती. म्हणाली, अहो रोजच असतं हे, मी किती वेळा सांगितलं. तिने वर्षभर अशा कितीतरी रात्री त्याला छातीशी धरून, भिंतीला टेकून बसून काढल्या होत्या, उभं धरलं की आवाज कमी होतो हे तिने स्वतःच शोधून काढलं होतं, आणि मी कंपनीतून येऊन जेवून झोपून जायचो.

दुसऱ्या दिवशीपासून वही केली. दोनशे पानी साधी वही, पट्टीने रकाने पाडले, वेळ, किती आकडे गप्प, पोट उडतं का, घाम, अंथरूण. दोन वाजेपर्यंत मी, चारनंतर ती. मधले दोन तास कुणीच नाही कारण माणूस किती जागणार.

ती वही घेऊन यावेळी थेट ईएनटीच्या मॅडमकडे गेलो. त्यांनी आधी सगळी पानं उलटली, मग तोंडात बॅटरी मारली आणि मला बोलावून दाखवलं. दोन्ही बाजूचे टॉन्सिल एवढे मोठे की मधे पडजीभ अडकल्यासारखी, बोटभर पण फट नाही. मागे नाकाच्या आत, टाळूच्या वर अजून एक गाठ असते, अ‍ॅडिनॉइड, ती तोंडातून दिसत नाही, तिच्यासाठी मानेचा आडवा एक्स-रे काढला, त्यात ती पण हवेची वाट जवळजवळ बुजवून बसलेली. मॅडम म्हणाल्या, दोन ते आठ या वयात हे जास्त दिसतं, कारण गळ्यातली जागा लहान आणि या गाठी मात्र भरात असतात. मग विचारलं, झोपेतला व्हिडिओ आहे का? होता, अकरा वाजता काढलेला, त्यात नुसता घोरत होता. त्या म्हणाल्या हा नको, पहाटे चारनंतरचा काढा. स्वप्नं पडतात ती झोप रात्रीच्या शेवटच्या भागात जास्त असते, त्या झोपेत अंगाचे स्नायू, गळ्याचे पण, एकदम ढिले पडतात, लहान मुलांचा श्वास अडकतो तो मुख्यतः तेव्हा. बनियन काढून ठेवा, ट्यूबलाइट लावा, चेहरा ते पोट एका फ्रेममध्ये आलं पाहिजे, आवाज चालू ठेवा, आणि मधे हलवू नका त्याला.

तो व्हिडिओ पहाटे साडेचारचा आहे, दोन मिनिटं चाळीस सेकंदांचा. अजून माझ्या फोनमध्ये आहे. त्यात दिसतं की श्वास आत घेताना फासळ्यांच्या खाली आणि गळ्याच्या मुळाशी खड्डा पडतो, वाटीएवढा, छाती आत जाते आणि पोट वर येतं, म्हणजे जे एकत्र वर व्हायला हवं ते उलटसुलट चालतं, बागेतल्या सीसॉच्या फळीसारखं. पावणेतीन मिनिटांत चार वेळा गप्प. चौथ्या वेळी हिचा हात फ्रेममध्ये येतो त्याला हलवायला आणि परत मागे जातो, कारण मीच म्हटलं होतं हलवू नको. मला त्या व्हिडिओत सगळ्यात जास्त तो हातच बघवत नाही.

एक सांगतो, घरात करोनाच्या वेळचं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर होतं ते आम्ही लावून बघायचो, कधी ८४ कधी ९९, नुसता जीव टांगणीला. मॅडमनी ते कपाटात ठेवायला सांगितलं, एवढ्या बारीक बोटावर ती क्लिप नीट बसत नाही, मुलांचा सेन्सर गुंडाळायचा असतो.

मग स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतला श्वास रात्रभर मोजायची तपासणी. एक रात्र राहावं लागलं. डोक्याला, डोळ्यांच्या बाजूला, हनुवटीला वायर, छाती-पोटाला पट्टे, नाकाशी नळी. ही त्याच्याजवळ झोपली, मी बाहेर बाकड्यावर. नळी दोनदा ओढून काढली, टेक्निशियन दादांनी न चिडता दोनदा परत लावली. केसातला तो चिकट पदार्थ निघायला तीन आंघोळी लागल्या. खर्च खिशातून, कारण नुसत्या तपासणीसाठी अ‍ॅडमिट झालं तर पॉलिसीत बसत नाही असं कळलं (ऑपरेशन मात्र कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत बसलं, स्वतः काढलेल्या बऱ्याच पॉलिसींमध्ये टॉन्सिलला दोन वर्षं थांबावं लागतं, ते आधी बघून ठेवा).

रिपोर्ट आला, तासाला १४.२ वेळा श्वास अडकतो किंवा कमी होतो, ऑक्सिजन सगळ्यात खाली ७९, आणि शेवटच्या ओळीत लिहिलेलं, माइल्ड. आम्हाला एवढं हायसं वाटलं. आई तर त्याच संध्याकाळी नवश्या गणपतीला जाऊन नारळ वाढवून आली. दोन दिवसांनी मॅडमनी रिपोर्ट बघितला आणि ती शेवटची ओळ पेनाने खोडली. म्हणाल्या ही मोजपट्टी मोठ्यांची आहे. मोठ्यांमध्ये पाचपर्यंत चालतं, पाच ते पंधरा माइल्ड. लहान मुलांमध्ये तासाला एकच्या वर गेलं की बिघाड धरायचा, एक ते पाच सौम्य, दहाच्या वर गंभीर. तुमचा मुलगा गंभीर आहे. आम्ही दोघं तिथे गप्प बसलो. अजून एक गोष्ट त्यांनी सांगितली ती माझ्या डोक्यातून जात नाही. मोठ्यांचा श्वास दहा सेकंद थांबला तर मोजतात, मुलांमध्ये दोन श्वास चुकले तरी मोजतात, म्हणजे त्याच्या वयाला पाच-सहा सेकंदच झाले. मी वहीत दहाच्या खालचे आकडे लिहितच नव्हतो. सहा आकडे, सात आकडे गप्प राहिला की मी मनात म्हणायचो हा काही नाही, आणि रकाना रिकामा ठेवायचो. तुमच्यापैकी कुणाकडे लहान मुलाचा असा रिपोर्ट आला असेल तर कृपया नुसती खालची ओळ वाचू नका, मोजपट्टी कुणाची लावली आहे ते विचारा.

टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड काढायच्या ऑपरेशनवरून घरात आठवडाभर बोलणं चालू होतं. आई म्हणायची टॉन्सिल काढले की प्रतिकारशक्ती जाते, एवढुशा पोराला भूल देणार, त्यापेक्षा ओव्याची पुरचुंडी, हळद-दूध करून बघू. तिचं प्रेमच आहे ते, तिने रात्र रात्र त्याचे पाय चोळलेत. मी पण नेटवर वाचून एक मुद्दा काढला होता. २०१३ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला, ५ ते ९ वयाची ४६४ मुलं, अर्ध्यांचं लवकर ऑपरेशन, अर्ध्यांवर नुसतं लक्ष, ७ महिन्यांनी परत स्लीप स्टडी. ऑपरेशनवाल्यांत ७९ टक्के मुलांची नॉर्मल आली, पण न केलेल्यांत सुद्धा ४६ टक्के मुलांची आली. मग मी विचारलं, मॅडम आपण थांबून बघायचं का? त्यांना राग नाही आला. म्हणाल्या, तो अभ्यास मी पण पेशंटना सांगते, सौम्य असेल तर नाकात स्प्रे देऊन थांबते सुद्धा. पण त्यात ज्यांचा ऑक्सिजन जास्त वेळ खाली राहायचा ती मुलं घेतलीच नव्हती, आणि तुमचा अजून पाचाचा पण नाही, वजन बघा, ७९ बघा. आईशी त्या वेगळ्या बोलल्या. आजी, घशात अजून अशा गाठी भरपूर आहेत, पहारा उठत नाही, दोन पहारेकरी वाटेतच आडवे झालेत तेवढे काढायचे. आई त्या वाक्यावर तयार झाली.

तारीख फेब्रुवारीची मिळाली आणि चार दिवस आधी याला ताप-सर्दी. भूलतज्ज्ञ म्हणाले सर्दीत भूल दिली तर श्वासनलिका आकसण्याचा धोका वाढतो, तीन आठवडे पुढे. ते तीन आठवडे सगळ्यात अवघड गेले, कारण आता आम्हाला कळत होतं की काय चाललंय. मच्छर कॉइल बंद, धूप-उदबत्ती देवघराचं दार लावून, बाजारातून मच्छरदाणी आणली. आणि झोप आणणारं सर्दीचं सिरप बंद. आम्ही ते याला शांत झोप लागावी म्हणून कधी कधी स्वतःहून द्यायचो. मॅडमनी स्पष्ट सांगितलं, ज्या मुलाचा श्वास झोपेत अडकतो त्याला गुंगीचं काही न विचारता द्यायचं नाही.

ऑपरेशन मार्चमध्ये झालं. सिस्टर म्हणाल्या, पप्पा तुम्ही बाहेर थांबा, मम्मीला येऊ द्या. तासाभरात झालं. त्या रात्री वॉर्डात नाही, मॉनिटरवर आयसीयूत ठेवलं, कारण आधीचा ऑक्सिजन एवढा खाली गेलेला असेल तर पहिल्या रात्री सूज आणि भुलीचा अंमल दोन्ही धरून लक्ष ठेवावं लागतं. एक गोष्ट आधी सांगितली होती म्हणून बरं झालं, की लगेच घोरणं थांबणार नाही. आणि खरंच दहा-बारा दिवस घोरला.

घरी आल्यावरचे दिवस लिहायला हवेत कारण ते कुणी सांगत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरं वाटतं आणि मग पाचव्या-सहाव्या दिवशी परत दुखणं वाढतं. घशात पांढरा थर, तोंडाला भयंकर वास, आई म्हणाली पू झालाय. पू नव्हता, जखमेवरची खपली तशीच दिसते. कान दुखतो म्हणून रडायचा, कानात काही नव्हतं, घशाचंच दुखणं कानात जातं. पॅरासिटामॉल घड्याळ लावून दिलं, दुखायची वाट न बघता, नाहीतर गिळत नाही आणि मग पाणी कमी पडतं. कोडीन असलेलं कुठलंही औषध बारा वर्षांखाली नको, हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं, एफडीएने २०१७ मध्ये तसं सांगितलंय, काही मुलांचा श्वास त्याने मंदावतो. आणि आपल्याकडे खोकल्याच्या काही औषधांत ते असतं. थंड दूध, कुल्फी, गार केलेली पातळ खिचडी.

सातव्या रात्री दोन वाजता ही ओरडली, उशीवर रुपयाएवढा लाल डाग. पाचव्या ते दहाव्या दिवसात खपली सुटते तेव्हा रक्त येऊ शकतं, आणि थोडं दिसलं तरी यायचं, कारण मुलं रक्त गिळतात, सारखं गिळत असेल तर जास्तच संशय घ्यायचा, हे ऐकून ठेवलं होतं म्हणून विचार करत बसलो नाही. गाडीवर मधे धरून मुंबई नाक्यावरून निघालो, रस्ता पूर्ण रिकामा, ती मागून सारखी विचारत होती, गिळतोय का रे, गिळतोय का. हॉस्पिटलमध्ये सकाळपर्यंत ठेवलं, रक्त आपोआप थांबलेलं होतं. दोनच दिवसांनी रंगपंचमी, सिडकोतली सगळी पोरं खाली रंगात, हा गॅलरीतून पिचकारी मारत होता आणि खालच्यांवर चिडत होता. आवाज थोडा बारीक, नाकातला झाला होता, तो महिन्याभरात नीट झाला.

जूनमध्ये स्लीप स्टडी परत केली. १४.२ वरून १.९. वजन १४ किलो ९००. पोळी खातो. अंथरूण पंधरा दिवसांतून एखादवेळी. (रात्री श्वास अडकला की छातीतल्या दाबामुळे हृदयातून एक हार्मोन सुटतं आणि लघवी जास्त तयार होते, असं मॅडमनी सांगितलं, आणि आम्ही त्याला त्यावरून सुद्धा रागवायचो.) शाळेत सगळं बदललं असं नाही म्हणणार, अजून चुळबुळ करतो, पण टीचरनी स्वतःहून सांगितलं की आता गोष्ट शेवटपर्यंत ऐकतो. १.९ म्हणजे पूर्ण नॉर्मल नाही, त्यामुळे रोज रात्री नाकात स्प्रे चालू आहे, तोंड उघडं ठेवायची सवय आहे म्हणून टाळू आणि दातांसाठी एकदा दंतवैद्यांना दाखवायचंय, आणि डिसेंबरच्या थंडीत परत तपासणी.

मॅडमनी रोज जागू नका सांगितलंय, आठवड्यातून एक रात्र बघा, सर्दी असेल तर दोन. माझी सेकंड शिफ्ट असली की ती रात्र माझी. ही मात्र चार वाजता आपोआप उठतेच, अजून झोप बसलेली नाही तिची, त्यासाठी पण आता डॉक्टरकडे जायचं ठरवलंय, मी यावेळी लगेच नंबर लावलाय. वही उशाशीच असते. रकाने मी पाडलेले आहेत पण गेल्या मंगळवारची नोंद तिच्या अक्षरात आहे, ४.३५, एका कुशीवर, तोंड उघडं, आवाज नाही, पोट शांत, पांघरूण कोरडं.